वध्य आणि वधाचा अधिकार

ज्यानें दुसऱ्याचे प्राण जाणूनबुजून घेतले त्याचे प्राण घ्यावे कीं नाहीं, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. जुना असल्यामुळें त्याचीं दोन्ही बाजूंचीं उत्तरें तयार असतात, आणि उत्तरें तयार असल्यामुळें विचाराचे श्रम बहुधा कोणी घेत नाहीं. एखाद्या क्रूर खुनाची बातमी वर्तमानपत्रांत आली म्हणजे घरोघरीं एकच उद्गार निघतो कीं, असल्या नराधमास भर चौकांत फांशीं द्यावें. तोच मनुष्य दहा-बारा वर्षांनंतरहि फांशीच्या कोठडींत मृत्यूची वाट पाहत बसला आहे असें वाचलें म्हणजे त्याच घरांत कोणीतरी हळूच म्हणतें कीं, आतां त्याला मारून काय साधणार? पहिल्या वेळीं आपण न्यायी असतों व दुसऱ्या वेळीं दयाळू असतों असें नव्हे. दोन्ही वेळां आपण मनाच्या लहरीवर बोलत असतों. मनुष्याच्या जिवाचा निकाल लहरीवर सोडून चालत नाहीं, म्हणून ह्या विषयाचा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

विचारास आरंभ करण्यापूर्वीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खुनी मनुष्य मरणास पात्र आहे काय, हा एक प्रश्न. आणि त्याला मारण्याचा अधिकार समाजास, व समाजाच्या वतीनें राज्यसंस्थेस, आहे काय, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर 'होय' असें आलें कीं दुसऱ्याचेंहि तेंच उत्तर आलें, असें धरून चालण्याची रीत आहे. परंतु इतर बाबतींत आपण हे दोन प्रश्न नेहमीं निराळे ठेवतों. लबाड सावकार नागविला जाण्यास पात्र असेल. म्हणून त्याचें घर फोडण्याचा अधिकार ऋणकोस येत नाहीं. ज्यानें दुसऱ्याचे हाल हाल करून प्राण घेतले तो स्वतः तसल्या हालांस पात्र नाहीं असें कोण म्हणेल? तथापि त्याचे तसेच हाल करावे अशी आज्ञा आज एखाद्या न्यायाधीशानें दिली, तर आपणच तिचा धिक्कार करूं. म्हणजे गुन्हेगार कशास पात्र आहे एवढ्यानेंच शिक्षा ठरत नाहीं; शिक्षा देणाऱ्याच्या हातून काय होणें योग्य आहे, हीहि मर्यादा तिला असते. ती मर्यादा वधाच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, एवढाच येथें वाद आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू पुऱ्या बळानिशीं मांडणें उचित होय. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, एखाद्या बेटावरील लोकांनीं आपला समाज मोडून जगभर पांगण्याचें ठरविलें, तरी निघण्यापूर्वीं त्यांनीं तुरुंगांतील शेवटच्या खुन्यास देहान्त शिक्षा दिलीच पाहिजे. न दिल्यास त्या रक्ताचा दोष त्यांच्याच माथीं येईल. पुढें होणाऱ्या फायद्याचा ह्यांत लवलेशहि नाहीं. इतरांस धाक बसावा म्हणून गुन्हेगारास शिक्षा देणें म्हणजे मनुष्यास साधन म्हणून वापरणें होय. त्यानें केलें त्याबद्दलच शिक्षा देणें म्हणजे त्याला जबाबदार मनुष्य मानणें होय, असें त्याचें तत्त्व आहे. ह्या मताचा उपहास करणें सोपें आहे, पण त्यांत एक खरी गोष्ट आहे. ज्याचा खून झाला त्याच्या जिवाचें कांहीं मोल समाजास होतें कीं नव्हतें, हें समाजाच्या कृतीवरून दिसलें पाहिजे. ज्या आईचा मुलगा गेला तिला 'झालें तें झालें' असें सांगून वाटेस लावणारा समाज दयाळू नसून बेपर्वा होय.

ह्या बाजूचा दुसरा साक्षीदार आमच्याकडील सुधारकांस एके काळीं गुरुस्थानीं असलेला जॉन स्टुअर्ट मिल हा आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा हा कैवारी १८६८ सालीं पार्लमेंटांत बोलतांना फांशी रद्द करण्याच्या विरुद्ध उभा राहिला. त्याचें म्हणणें असें कीं, मनुष्यास जन्मभर तुरुंगांत जिवंत पुरून ठेवणें हें दिसावयास सौम्य पण वस्तुतः अधिक क्रूर. फांशी दिसावयास भयंकर पण वस्तुतः कमी क्रूर. आणि ज्या शिक्षेची भीति मोठी व पीडा लहान तीच शिक्षा चांगली. निरपराधी मनुष्य फांशीं जाण्याचा धोका त्याला ठाऊक होता. ज्या देशांतील न्यायाची पद्धति निरपराध्यास घातक असेल तेथें हा आक्षेप अत्यंत बळकट आहे असें त्यानें मान्य केलें. परंतु इंग्लंडांतील पद्धति उलट आरोपीकडेच अधिक झुकते, असें तो म्हणाला. मिलच्या ह्या शेवटच्या विधानाकडे आपणांस पुढें परत यावें लागेल.

आतां आपल्या परंपरेकडे वळूं. शस्त्र उपसून अंगावर धांवून येणाऱ्या आततायीस विचार करीत न बसतां मारावें, मग तो गुरु असो, बालक असो कीं वृद्ध असो, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. आजच्या कायद्यांतहि स्वसंरक्षणाच्या हक्काच्या रूपानें हेंच तत्त्व वावरत आहे. परंतु ह्या अनुज्ञेचें कारण काय? आततायी मनुष्य दुष्ट असतो हें तिचें कारण नव्हे. त्याला न मारल्यास दुसरा निरपराधी मरतो, हें तिचें कारण होय. कारण सरलें कीं अधिकारहि सरला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत गिरगांव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे ह्या पोलीस अधिकाऱ्यानें अजमल कसाबची बंदूक हातांनीं घट्ट धरून ठेवली व त्याच्या गोळ्या स्वतःच्या देहावर घेतल्या, म्हणून तो हल्लेखोर जिवंत हातीं लागला. त्या क्षणापूर्वीं कोणीं त्याला गोळी घातली असती तर त्यास दोष देणारा मनुष्य मिळाला नसता. परंतु २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत त्याला फांशीं देण्यांत आलें, तेव्हां तो आततायी राहिला नव्हता. बंदी झाला होता. त्याच्या पातकांत तिळमात्र उणें झालें नव्हतें. फरक पडला होता तो मारणाऱ्याच्या स्थितींत. धांवून येणाऱ्यास मारणें हें रक्षण होय. बांधलेल्यास मारणें हें काय होय, तें निराळें सिद्ध करावें लागतें.

महाभारताच्या शांतिपर्वांत हाच वाद बापलेकांच्या तोंडीं घातलेला आहे. कोणासहि पीडा न देतां राजानें प्रजेचें रक्षण कसें करावें असें युधिष्ठिर विचारतो, आणि भीष्म त्याला द्युमत्सेन राजा व त्याचा पुत्र सत्यवान यांचा संवाद सांगतो. वधाची आज्ञा झालेलीं माणसें नेलीं जात असतांना सत्यवान म्हणतो कीं, वध हा धर्म होऊंच शकत नाहीं. बाप अनुभवी राजा आहे. दुष्टांस मोकळें सोडल्यास सगळी व्यवस्था ढांसळेल, आणि पूर्वीं नुसत्या धिक्कारानें भागत असे तें आतां भागत नाहीं, असें तो बजावतो. मुलगा शिक्षाच नको असें म्हणत नाहीं. शिक्षा करावी, पण देहाचा नाश करूं नये, असा त्याचा आग्रह आहे. आणि त्याचीं दोन कारणें आजहि ताजीं आहेत. एका अपराध्यास मारतांना राजा त्याची बायको, त्याचे आईबाप, त्याचीं मुलें अशा अनेक निरपराध्यांसहि मारतो. आणि दुर्जन मनुष्यहि कधींकाळीं सन्मार्गास लागतो, म्हणून त्याचा मुळासकट उच्छेद करूं नये. सावित्रीनें ज्याला यमाच्या हातून सोडवून आणलें असें आपण मानतों, त्याच सत्यवानाच्या तोंडीं हें भाषण आहे, हेंहि विसरूं नये.

महाराष्ट्रांत ह्या विषयावर लिहितांना रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव कोणीतरी काढल्यावांचून राहत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें तोंडावर सुनावलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ह्या कथेवरून फांशीचें समर्थन करणाऱ्यांनीं तिच्यांतील शब्द नीट पाहावा. तो शब्द 'प्रायश्चित्त' आहे. प्रायश्चित्त हें पाप्यानें आपलें पाप ओळखून स्वतः घ्यावयाचें असतें. दुसऱ्यानें हातपाय बांधून लादलेली गोष्ट ती नव्हे. शिवाय ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिली ती रामशास्त्र्यांनीं कोणाचें मरण इच्छिलें म्हणून नव्हे, तर सत्ताधीशापुढें कायदा वांकला नाहीं म्हणून. त्या कथेंतील राघोबादादा तर पुढें १७८३ सालीं कोपरगांवीं आपल्या मरणानें मेले. वधस्तंभाकडे जाणाऱ्या वाटेवर राघोबादादा फारसे भेटत नाहींत. तेथें भेटतात ते बहुधा असे लोक, कीं ज्यांना चांगला वकील मिळालेला नसतो.

ह्यावरून आपण मिलच्या विधानाकडे येतों. न्यायाची पद्धति आरोपीकडे झुकणारी असली तरी ती चुकत नाहीं काय? मृच्छकटिक नाटक देवलांच्या संगीत रूपानें मराठी रंगभूमीवर आलें, त्यामुळें चारुदत्ताची दशा मराठी प्रेक्षकांस ठाऊक आहे. जी वसंतसेना जिवंत आहे तिच्याच खुनाबद्दल त्याला वधस्थानीं नेतात. पुरावा सगळा त्याच्या विरुद्ध, आणि न्यायाधीश मुळींच दुष्ट नाहीं. मूळ नाटकांत चांडाळ आपल्या बापाचा एक उपदेश सांगतो: वध्यास एकदम मारूं नको, कोणी द्रव्य देऊन त्याला सोडवील, राजास पुत्र होईल, हत्ती साखळी तोडील, किंवा राज्यच बदलेल. शूद्रकानें हें विनोदानें लिहिलें असेल, पण त्यांत फार मोठा विवेक आहे. थोडा अवधि मिळाला म्हणूनच वसंतसेना वेळेवर येऊन पोहोंचली.

प्रत्यक्ष जगांत ती नेहमीं वेळेवर पोहोंचत नाहीं. मिलनें ज्या इंग्लंडच्या न्यायपद्धतीची ग्वाही दिली त्याच इंग्लंडांत, ९ मार्च १९५० रोजीं, टिमोथी इव्हान्स नांवाच्या तरुणास स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फांशीं दिलें. खरा खुनी तळमजल्यावर राहणारा क्रिस्टी आहे असें तो सांगत होता. परंतु क्रिस्टी हाच सरकारपक्षाचा मुख्य साक्षीदार होता. तीन वर्षांनीं त्या घरांत आणखी प्रेतें सांपडलीं, आणि क्रिस्टी हा अनेक स्त्रियांचा मारेकरी असल्याचें उघड झालें. १९६६ सालीं इव्हान्सला मरणोत्तर माफी देण्यांत आली. मेलेल्यास माफी देणें ह्याचा अर्थ काय असेल तो वाचकांनींच ठरवावा. ब्रिटनानें खुनाबद्दलची फांशी १९६५ सालीं तहकूब केली व १९६९ सालीं कायमची बंद केली. त्या निर्णयांत ह्या प्रकरणाचा वांटा लहान नव्हता.

इंग्लंड दूर वाटत असेल तर जालना जिल्हा जवळ आहे. २००३ सालीं तेथें एका वस्तीवर दरोडा पडून पांच माणसें मारलीं गेलीं. अत्याचार असे कीं ऐकणाऱ्याचें रक्त उसळावें. भटक्या जमातींतील सहा जणांवर खटला झाला. खालच्या न्यायालयानें सहाहि जणांस फांशी दिली. उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कमी केली. आणि २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुनः सहाहि जणांस फांशीच ठरविली. पुढें फेरविचार होऊन ५ मार्च २०१९ रोजीं त्याच न्यायालयानें सहाहि जणांस निर्दोष ठरविलें. वांचलेल्या साक्षीदार स्त्रीनें पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार माणसांस ओळखलें होतें व त्यांचा तपासच झाला नाहीं, ही गोष्ट तेव्हां पुढें आली. सहांपैकीं एक जण तर गुन्ह्याच्या वेळीं अल्पवयी होता. सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं. न्यायालयानें प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई देवविली. तुरुंगवासाची शिक्षाहि परत घेतां येत नाहीं, असें कोणी म्हणतात, तें खरेंच आहे: ह्या सहा जणांचीं सोळा वर्षें परत आलीं नाहींत, पण सतरावें वर्ष तरी त्यांच्या हातीं आलें. २००९ च्या निकालाची अंमलबजावणी त्वरेनें झाली असती, तर तें कोणाच्या हातीं देणार होतों?

आमच्या कायद्यासहि ह्या धोक्याची जाणीव झालेली दिसते. १९५५ पर्यंत खुन्यास फांशी दिली नाहीं तर न्यायाधीशास कारण लिहावें लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें तें उलट करून, फांशी दिल्यास विशेष कारणें द्यावीं असें ठरविलें. १९८० सालीं बचनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फांशीची शिक्षा घटनेच्या विरुद्ध नाहीं, परंतु ती दुर्मिळांतील दुर्मिळ प्रसंगींच द्यावी, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाहि विचार करावा, असा दंडक घातला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि खुनाबद्दल मृत्यु किंवा जन्मठेप असे दोन्ही पर्याय ठेवलेले आहेत. दंडक चांगला आहे; पण दंडक लावणारीं माणसेंच आहेत. २००९ सालीं त्याच न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत असें मान्य केलें कीं, पूर्वींच्या एका प्रकरणांत आपण केवळ गुन्ह्याकडे पाहिलें, गुन्हेगाराकडे पाहिलें नाहीं, आणि तो निर्णय बचनसिंग दंडकास सोडून होता. ज्याच्याविषयीं तो निर्णय दिला होता तो मनुष्य १९९६ सालींच राजस्थानांत फांशीं गेलेला होता. त्यानें खून केला नव्हता असें नव्हे; माप चुकलें होतें. न्यायालयानें आपली चूक कबूल केली हें त्याच्या थोरवीचें लक्षण होय. परंतु कबुली ऐकावयास तो मनुष्य उरला नव्हता.

यावर असें विचारतील कीं, जेथें संशयास जागाच नाहीं, हजारों डोळ्यांदेखत गुन्हा घडला आहे, तेथें काय? तेथें तरी फांशी असावी कीं नाहीं? ह्या प्रश्नाचें बळ आम्ही ओळखतों. परंतु 'जेथें संशय नाहीं' हें ठरवावयाचें कोणीं? जालन्याच्या खटल्यांत २००९ सालीं न्यायाधीशांस संशय नव्हता. इव्हान्सच्या पंचांसहि नव्हता. संशय असता तर त्यांनीं फांशी दिलीच नसती. चुकणाऱ्यास चुकतांना आपण चुकत आहों असें कधींच वाटत नसतें. म्हणून कायदा करावयाचा तो अत्यंत स्पष्ट अशा एका प्रकरणाकडे पाहून करतां येत नाहीं. त्या कायद्याच्या दारांतून उद्यां कोण कोण आंत ढकलले जातील, त्या सर्वांकडे पाहून करावा लागतो.

धाकाविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. इटालियन विचारवंत बेकारिया यानें १७६४ सालींच दाखवून दिलें कीं, गुन्हा रोखला जातो तो शिक्षेच्या भयंकरपणानें नव्हे, तर ती चुकणार नाहीं ह्या खात्रीनें. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनें तेथील अनेक वर्षांचीं संशोधनें तपासून २०१२ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, फांशीमुळें खून कमी होतात कीं वाढतात कीं कांहींच फरक पडत नाहीं, हें त्या संशोधनांवरून सांगतां येत नाहीं. ज्या लाभाचा पुरावा नाहीं त्या लाभासाठीं बांधलेल्या मनुष्याचा प्राण घेणें हा व्यापार कोणत्याहि नीतीस मानवणार नाहीं.

राहतां राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न, मृताच्या आप्तांचा. त्यांच्या दुःखास आम्ही उपदेश करूं इच्छीत नाहीं. ज्यांचें जळलें आहे त्यांस क्षमा शिकविणें हें घरांत सुखरूप बसलेल्यांस शोभत नाहीं. परंतु त्यांच्या नांवानें राज्यसंस्था जें करते त्याबद्दल बोलणें अवश्य आहे. गांधीजींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें. त्यापूर्वीं गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनीं त्यांस जीवदान द्यावें अशी विनंति केली होती, व ती नाकारण्यांत आली. आप्त क्षमा मागतात तेव्हां 'हा गुन्हा समाजाविरुद्ध आहे, तुमच्या इच्छेचा प्रश्न नाहीं' असें सांगावयाचें, आणि आप्त सूड मागतात तेव्हां 'तुमच्या समाधानासाठीं' म्हणून फांशी द्यावयाची, ह्या दोन गोष्टी एकाच तोंडीं शोभत नाहींत. गुन्हा समाजाविरुद्ध असेल तर शिक्षेची जबाबदारीहि समाजाचीच, आणि ती आप्तांच्या अश्रूंआड लपवितां यावयाची नाहीं. त्याच वर्षीं, ३ जून १९४९ रोजीं, घटनासमितींत बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं देहान्त शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल आहे असें सांगितलें व त्यास ह्या देशाच्या अहिंसेवरील श्रद्धेचा आधार दिला. कायद्याचा एवढा जाणता मनुष्य हें म्हणतो तेव्हां ती भाबडेपणाची भाषा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

आप्तांचें खरें देणें निराळेंच आहे. खुनाचा तपास प्रामाणिकपणें व्हावा, खऱ्या अपराध्यास पकडावें, निकाल वीस वर्षें लांबूं नये, मागें राहिलेल्या मुलाबाळांच्या पोटाची सोय व्हावी, आणि तो मनुष्य पुनः कोणाचा घात करणार नाहीं अशी हमी मिळावी. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनीं सुटका असा समज सर्वत्र आहे. परंतु २००८ सालापासून सर्वोच्च न्यायालयानें ठराविक दीर्घ काळपर्यंत, किंवा मरेपर्यंतहि, सूट न देणारी कैद देण्याचा मार्ग घालून दिला आहे. असली कैद मिल म्हणतो तशी जिवंत समाधि होऊं नये, तींत काम, वाचन आणि पश्चात्ताप ह्यांस जागा असावी, हें पाहणें आपल्या हातांत आहे. फांशीनंतर कांहींच हातांत राहत नाहीं. जालन्याच्या प्रकरणांत सहा निरपराध्यांस फांशी ठरविल्यानें मृतांस न्याय मिळाला नाहींच. उलट खरे मारेकरी कोण हा प्रश्न इतकीं वर्षें झांकला गेला.

आमच्या मतें सर्वांचें सार असें आहे. शिक्षेला दोन माणसांसाठीं वेळ राखून ठेवावा लागतो: अपराध्यासाठीं, कीं त्यानें आपलें कृत्य ओळखावें, आणि न्याय देणाऱ्यासाठीं, कीं त्यानें आपली चूक सुधारावी. मृत्यूची शिक्षा ही दोघांचाहि वेळ एकदमच काढून घेते. खुनी मनुष्य मरणास पात्र असेल, आणि कित्येक तसे असतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याची पात्रता हा त्याचा हिशेब झाला. वधाचा अधिकार हा आमचा हिशेब आहे, आणि जो आपल्या निकालांतील चूक भरून देऊं शकत नाहीं त्यानें तो अधिकार मागूं नये. पुढील क्रूर खुनाची बातमी येईल तेव्हां आपल्या सर्वांचेंच रक्त पुनः उसळेल, आणि तें उसळावेंहि. न उसळणारें रक्त काय कामाचें? फक्त त्या रक्ताच्या हातीं न्यायाचा दंड देऊं नये.